हाताची घडी, तोंडावर बोट : वर्गातल्या न बोललेल्या भाषेचा इतिहास

आजचा विषय जरा विचित्र वाटेल. शिक्षणाचा इतिहास म्हटलं की आपण पाठ्यपुस्तकांबद्दल बोलतो, कायद्यांबद्दल बोलतो, शाळा कुणी आणि कधी काढली याबद्दल बोलतो. आज आपण शिक्षकाच्या हाताबद्दल बोलणार आहोत. त्याच्या नजरेबद्दल, तो किती अंतरावर उभा राहतो त्याबद्दल, आणि प्रश्न विचारल्यावर तो किती वेळ गप्प राहतो त्याबद्दल. थोडक्यात, वर्गात जे बोललं जात नाही आणि तरी सगळ्यांना कळतं, त्याचा इतिहास.

सुरुवात एका आज्ञेपासून करू या. ‘हाताची घडी, तोंडावर बोट.’ मराठी शाळेत गेलेल्या कुणालाही ही आज्ञा समजावून सांगावी लागत नाही. यातलं ‘तोंडावर बोट’ म्हणजे गप्प बसा. आपल्याला वाटतं, हे तर जगात सगळीकडे असंच असणार. आता प्राचीन इजिप्तमध्ये जाऊ. तिथे होरस या देवाचं बालरूप दाखवताना त्याचं बोट तोंडाशी दाखवत. त्यांच्या चित्रलिपीतही ‘मूल’ दाखवायचं तर तोंडाशी हात नेलेली बसकी आकृती काढत. अर्थ सरळ होता, हे लहान मूल आहे. लहान मुलं तोंडात बोट घालतातच. पुढे ग्रीक आणि रोमन लोकांनी या मूर्ती पाहिल्या. त्यांच्याकडे तोंडावर बोट म्हणजे गप्प. मग त्यांनी काय ठरवलं? हा मौनाचा देव आहे! त्याचं नाव झालं हार्पोक्रेटिस, आणि प्लुटार्कसारख्या विद्वान लेखकानेही त्या बोटाचा अर्थ मौन असाच लावला.

म्हणजे बघा, मूल आपलं मूलपण दाखवत होतं आणि बघणाऱ्यांनी त्यात शांतता वाचली. आजच्या व्याख्यानाचा गाभा हाच आहे. वर्गात दोन बाजूंनी वाचन चालतं. मुलं शिक्षकाचं शरीर वाचतात आणि शिक्षक मुलांचं शरीर वाचतो. मुलाने चुकीचं वाचलं तर फार तर एखादी सूचना हुकते. शिक्षकाने चुकीचं वाचलं तर त्या मुलावर ‘मंद’, ‘उद्धट’, ‘लक्ष नाही’ असा शिक्का बसतो, आणि तो शिक्का वर्षानुवर्षं निघत नाही.

एक ढोबळ सूत्र आधीच सांगून ठेवतो, पुढचं सगळं त्यावर तपासून बघा. जगभरच्या शिक्षकांच्या देहबोलीत जे सारखं दिसतं ते बहुतेक कामातून आलेलं असतं, आणि जे वेगळं दिसतं ते नात्यातून आलेलं असतं. काम सगळीकडे सारखं आहे. एक माणूस, समोर पुष्कळ मुलं, त्यांचं लक्ष धरून ठेवायचं, दिसत नाही ते दाखवायचं. पण शिक्षक आणि मूल यांचं नातं सगळीकडे सारखं नाही.

हात : न दिसणारं दाखवणारा

आधी हात घेऊ, कारण इथे साम्य सगळ्यात ठळक आहे.

स्वर डोळ्यांना दिसत नाही. तो शिकवायचा कसा? आपल्याकडच्या वेदपठणाच्या परंपरेत याचं उत्तर शरीरात शोधलं गेलं. महाराष्ट्रात शुक्ल यजुर्वेदाची माध्यंदिन शाखा बरीच आहे. त्या पठणात स्वराबरोबर हाताची जागा बदलते. केरळमधल्या नंबुद्री परंपरेत तर गुरू शिष्याचं डोकंच हातात धरतो आणि स्वर बदलेल तसं खाली, वर, बाजूला वळवतो. फ्रिट्स स्टाल या डच अभ्यासकाने विसाव्या शतकात याचं तपशिलात वर्णन केलं. सामवेदाच्या गायनात बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवून स्वर दाखवतात.

यात एक गंमत आहे. ‘पाणिनीय शिक्षा’ या उच्चारशास्त्राच्या ग्रंथात वाईट पाठकांची यादी दिली आहे, आणि तिच्यात मान हलवत म्हणणारा येतो. म्हणजे शिकताना गुरू मान वळवून देतो, पण शिकून झालेल्याने मान हलवत म्हणणं दोषाचं. बांधकाम झालं की परांची काढायची असते, तसंच हे.

आता अकराव्या शतकातल्या इटलीत चला. ग्विदो नावाचा एक साधू मठातल्या मुलांना गाणं शिकवत होता. त्याच्या नावाने युरोपात ‘ग्विदोचा हात’ प्रसिद्ध झाला. डाव्या हाताच्या पेरांवर आणि बोटांच्या टोकांवर त्या काळच्या स्वरमालेतले वीस स्वर बसवलेले, आणि शिक्षक उजव्या हाताच्या बोटाने त्या त्या जागी खूण करणार, की मुलांनी तो स्वर म्हणायचा. पुढे इंग्लंडमध्ये नॉर्विच इथल्या सेरा ग्लोव्हर या शिक्षिकेने सोपी स्वरलेखन पद्धत काढली, जॉन कर्वेन या धर्मोपदेशकाने ती वाढवली, आणि १८७० मध्ये तिला हाताच्या खुणा जोडल्या. एकेका स्वराला हाताचा एकेक आकार. हंगेरीच्या कोडाय पद्धतीतून त्या खुणा आज जगभरच्या शाळांत गेल्या आहेत.

वैदिक पाठशाळेतल्या गुरूने ग्विदोचं नाव ऐकलेलं नव्हतं, आणि ग्विदोने सामगान ऐकलेलं नव्हतं. तरी दोघेही बोटांच्या पेरांपाशी पोहोचले. कारण अडचण एकच होती, आणि शरीरही एकच आहे. हे कामातून आलेलं साम्य.

पण त्याच हाताने मोजायला लागा. आता फरक सुरू होतो. आपल्या आज्या अंगठा पेरांवर फिरवून मोजतात, एका बोटाला तीन पेरं, चार बोटांची बारा. जर्मनीत एक म्हणजे अंगठा, दोन म्हणजे अंगठा आणि तर्जनी. इंग्लंड-अमेरिकेत बहुतेक जण तर्जनीपासून सुरुवात करतात. जपानमध्ये उघडा पंजा धरून अंगठ्यापासून एकेक बोट मिटत जातात. चीनमध्ये सहा ते दहा हे आकडे एकाच हाताच्या वेगवेगळ्या आकारांनी दाखवतात.

पहिलीच्या वर्गात याचं काय होतं, विचार करा. शिक्षकाला बोटं उघडून मोजायची सवय आहे. समोरचं मूल घरी पेरांवर मोजायला शिकलेलं आहे. त्याची मूठ अर्धी मिटलेली, अंगठा तेवढा हलतोय. शिक्षकाला ते मूल चाळा करतंय असं वाटू शकतं. प्रत्यक्षात ते गणित करत असतं.

खूण : एका इशाऱ्यावर शंभर मुलं

आता दुसरी गोष्ट. मुलं खूप आणि शिक्षक एक, तेव्हा काय करायचं?

सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये जाँ-बाप्तिस्त द ला साल यांनी गरीब मुलांसाठी शाळा काढल्या आणि त्या चालवायला शिक्षकांचा एक बंधुसंघ उभा केला. त्या शाळांच्या नियमांचं पुस्तक १७२० मध्ये छापलं गेलं. त्यात शिक्षकाने शक्य तितकं कमी बोलावं यावर भर आहे. त्यासाठी शिक्षकाच्या हातात लाकडाचं एक छोटं साधन असे, त्याला ‘सिग्नल’च म्हणत. त्याचा टक् असा आवाज केला की मुलांनी वर बघायचं. मग शिक्षक खूण करणार. वाचणारा थांबला, चुकलं, पुन्हा म्हण, पुढच्याने वाच, या सगळ्यासाठी ठरलेल्या खुणा. फ्रेंच विचारवंत मिशेल फूको यांनी १९७५ च्या आपल्या पुस्तकात या शाळांकडे लक्ष वेधलं, ते याच कारणाने. त्यांच्या मते ही शिस्त मुलाच्या शरीरात उतरवायची होती. समजावून सांगायचं नाही, इशारा आला की शरीराने आपोआप उत्तर द्यायचं.

आता या गोष्टीत भारत येतो, आणि तो मोठ्या मजेशीर वाटेने येतो. पिएत्रो देल्ला व्हाल्ले नावाचा इटालियन प्रवासी १६२३ मध्ये कर्नाटकात फिरत होता. एका देवळाच्या ओसरीत त्याला चार मुलं गणित शिकताना दिसली. जमिनीवर बारीक वाळू पसरलेली, त्यावर बोटाने लिहायचं, सुरात म्हणायचं, पुसायचं, पुन्हा लिहायचं. गुरुजी नव्हतेच. याने विचारलं, विसरलात तर कोण सांगणार? मुलं म्हणाली, चौघंही एकदम कसे विसरू?

आपल्या भाषेत ‘धुळाक्षरं गिरवणं’ हा शब्दप्रयोग आजही आहे. धूळपाटीवर बोटाने अक्षर काढायचं, आणि गिरवणं म्हणजे काढलेल्या अक्षरावरूनच पुन्हा पुन्हा बोट फिरवणं. शब्दांनी समजावण्याआधी बोटाला समजायचं, अशी ती पद्धत.

मद्रासमध्ये १७८९ पासून अनाथ मुलांच्या लष्करी आश्रमशाळेचे प्रमुख होते डॉक्टर अँड्रयू बेल. त्यांनी एका देशी शाळेत मुलांना वाळूत बोटाने लिहिताना पाहिलं आणि ते आपल्या शाळेत आणलं. मोठ्या मुलांनी धाकट्यांना शिकवायचं हेही त्यांनी बसवलं. १७९७ मध्ये लंडनला त्यावर पुस्तक छापलं, आणि ही पद्धत ‘मद्रास पद्धत’ म्हणून इंग्लंडभर गेली. त्याच सुमारास लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टर गरीब मुलांची प्रचंड मोठी शाळा चालवत होता. त्यानेही मुलांकडून मुलं शिकवून घेतली, आणि त्यात खुणांची मोठी यंत्रणा घातली. अक्षरं दाखवणारी फळी उंच लावायची, तिला टेलिग्राफ म्हणत. एक अक्षरखूण आली की सगळ्यांनी पाट्या दाखवायच्या, दुसरी आली की पुसायच्या. शेकडो मुलं एका वेळी एकच हालचाल करणार.

आणि हीच पद्धत फिरून आपल्याकडे आली. मुंबईत १८२२ मध्ये देशी शाळा आणि शालेय पुस्तकांसाठी एक संस्था निघाली, पुढे ती ‘बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ म्हणून ओळखली गेली. सदाशिव काशीनाथ छत्रे तिचे देशी चिटणीस होते. या संस्थेच्या समितीने देशी शाळांतले दोष मोजले. चांगली पुस्तकं नाहीत हा पहिला, आणि शिकवण्याची सोपी पद्धत नाही हा दुसरा. उपाय म्हणून लँकेस्टरच्या पद्धतीची शिफारस झाली.

बघा कसा फेरा झाला. भारतातल्या ओसरीवरची बोटं मद्रासमधून लंडनला गेली, तिथे त्यांना खुणांची आणि रांगांची शिस्त लागली, आणि ती मुंबईला नवी पद्धत म्हणून परत आली. पण परत येताना एक गोष्ट बदलली होती. ओसरीवरची चार मुलं एकमेकांकडे बघत होती. लँकेस्टरच्या शाळेतली मुलं फळीकडे बघत होती. बोटाने लिहिणं तेच राहिलं, पण कुणी कुणाकडे बघायचं ते बदललं.

नजर : आदर की अपराध?

म्हणून आता नजरेकडे येऊ.

स्कॉटलंडमधल्या ग्लासगो इथे डेव्हिड स्टो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिक्षक तयार करणारी संस्था उभी केली. तिची इमारत १८३७ ची. त्यांना लँकेस्टरची यंत्रासारखी शाळा पसंत नव्हती. त्यांनी वर्गात पायऱ्या-पायऱ्यांची बैठक आणली, तिला ते गॅलरी म्हणत. प्रत्येक मुलाला शिक्षकाचा चेहरा दिसला पाहिजे, आणि शिक्षकाला प्रत्येक मुलाचा. हेतू चांगला होता. चेहऱ्याला चेहरा भिडला तर शिकवणं मनापर्यंत पोहोचतं, असं त्यांना वाटे. पण यातून एक अपेक्षाही तयार झाली. चांगलं मूल शिक्षकाच्या डोळ्यांत बघतं. जे बघत नाही, ते काहीतरी लपवतंय.

आता आपल्या घरात या. मोठी माणसं रागावतात तेव्हा आपल्याकडे मुलाने काय करायचं? मान खाली घालायची. डोळ्याला डोळा लावला की पुढचं वाक्य ठरलेलं, ‘वर तोंड करून बोलतोस?’ आणि त्याच मराठी शाळेत दुसरं वाक्यही ऐकू येतं, ‘खाली काय बघतोस? माझ्याकडे बघ!’ एकाच भाषेत, कधी कधी एकाच शिक्षकाच्या तोंडून, दोन्ही वाक्यं. मुलाने करायचं काय?

म्हणून ‘भारतीय संस्कृतीत असं, पाश्चात्त्य संस्कृतीत तसं’ अशी दोन खणांची मांडणी मला पुरेशी वाटत नाही. आपल्या वर्गात दोन इतिहास एकाच बाकावर बसलेले आहेत. मान खाली घालणं हा घरातल्या नात्याचा नियम. डोळ्यांत बघणं हा आधुनिक वर्गाचा नियम.

हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. जपानकडे बघा. तिथे १८७२ मध्ये टोकियोत शिक्षक घडवणारी शाळा निघाली आणि मॅरियन स्कॉट नावाचे अमेरिकन शिक्षक तिथे शिकवायला गेले. अमेरिकेतल्यासारखी बाकं, तक्ते, फळा आणि सगळ्या वर्गाला एकदम शिकवण्याची रीत त्यांनी नेली. म्हणजे खोली अमेरिकन झाली. पण तास सुरू होताना मुलं उभी राहून वाकून नमस्कार करतात, ते अमेरिकन नाही. आपणही तसंच केलं. इंग्रजी शाळेची खोली घेतली आणि बाई आत आल्या की उभं राहून सुरात ‘एक साथ नमस्ते’ घातलं.

या जपानी वर्गाची पुढची गोष्ट महत्त्वाची आहे. १९९० च्या दशकात जेम्स स्टिग्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनी, जपान आणि अमेरिका या तीन देशांतल्या आठवीच्या गणिताच्या २३१ तासांचं चित्रीकरण करून ते तपासलं. त्यांचा निष्कर्ष असा होता की शिकवणं ही सांस्कृतिक गोष्ट आहे. शिक्षक ते लहानपणापासून बघून बघून उचलतो, आणि म्हणून ते त्याला स्वतःला दिसत नाही. जपानी शिक्षकांकडे एका कृतीला खास शब्द आहे, ‘किकान-शिदो’, म्हणजे बाकांच्या मधून फिरत शिकवणं. मुलं गणित सोडवत असतात आणि शिक्षक बाकांमधून हळूहळू फिरतो. कुणी कोणती रीत वापरली ते बघतो, आणि कुणाला कोणत्या क्रमाने फळ्यापाशी बोलवायचं ते मनात ठरवतो.

आपल्याकडेही शिक्षक बाकांमधून फिरतो. पण कशासाठी? बहुतेक वेळा कॉपी होतेय का, गडबड कोण करतंय हे बघायला. चालणं तेच आहे. मूल मात्र पावलांच्या आवाजावरून ओळखतं, हे माझं गणित बघायला येतायत की मला पकडायला.

अंतर : अभ्यासक्रमात नसलेला धडा

नात्यातून येणारी देहबोली नेहमी प्रेमाची किंवा आदराचीच असते असं समजू नका. काही वेळा ती क्रूर असते, आणि तिला एकही शब्द लागत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या साताऱ्याच्या शाळेबद्दल ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लिहिलं आहे. इतर मुलांबरोबर आपल्याला बसता येणार नाही, कोपऱ्यात वेगळं बसायचं, हे लहान भीमरावाला माहीत होतं. बसायला गोणपाटाचा वेगळा तुकडा. शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला हात लावायचा नाही, म्हणून संध्याकाळी तो घरी न्यायचा आणि सकाळी परत आणायचा. तहान लागली तर नळाला स्वतः हात लावायचा नाही. शिपायाने पाणी दिलं तर प्यायचं, शिपाई नसेल तर पाणी नाही.

यात कुणी भाषण दिलेलं नाही. गोणपाट कुठे टाकायचा, हात कुठे लावायचा नाही, एवढ्यानेच सगळं सांगितलं जात होतं. आणि ते फक्त त्या एका मुलाला सांगितलं जात नव्हतं. वर्गात मधोमध बसलेली बाकीची मुलंही तोच धडा रोज शिकत होती. देहबोलीच्या अभ्यासात अंतराचा विषय निघाला की एडवर्ड हॉल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाचं नाव घेतात. १९५९ आणि १९६६ च्या त्यांच्या पुस्तकांनी ‘कोणत्या समाजात माणसं किती अंतरावर उभी राहतात’ हा विषय मांडला. चांगलं काम आहे. पण आपल्याला हा विषय शिकायला तेवढ्या लांब जायची गरज नाही. अंतर ही भाषा असते, हे साताऱ्याच्या त्या कोपऱ्याने आधीच सांगून ठेवलं आहे. संस्कृती म्हणजे फक्त जपून ठेवायच्या चालीरीती नव्हेत. काही चाली मोडायच्याही असतात.

हे रक्तात असतं का?

मग प्रश्न येतो, मोडता येतं का? की हे रक्तातच असतं?

हा प्रश्न एका काळी फार भयंकर होता. १९३० च्या दशकात जर्मनीत वंशवादी अभ्यासक म्हणत होते की माणसाचे हावभाव त्याच्या वंशावरून ठरतात. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात फ्रान्झ बोआस यांचे विद्यार्थी डेव्हिड एफ्रॉन यांनी हे तपासायचं ठरवलं. न्यूयॉर्कमध्ये पूर्व युरोपातून आलेले ज्यू आणि दक्षिण इटलीतून आलेले लोक राहत होते. एफ्रॉन यांनी बोलताना होणाऱ्या त्यांच्या हालचाली टिपल्या, फिल्म काढली, एका चित्रकाराकडून रेखाटनं करून घेतली. परंपरेत राहणाऱ्या ज्यूंचे हात अंगाजवळ फिरत, इटालियनांचे खांद्यापासून मोकळे. फरक स्पष्ट होता. पण अमेरिकन समाजात मिसळून गेलेल्यांकडे पाहिलं, तर दोन्हीकडचे ते खास हावभाव विरळ झाले होते, आणि दोन्ही गटांतली माणसं एकमेकांसारखी दिसायला लागली होती. हे पुस्तक १९४१ मध्ये आलं. अर्थ स्पष्ट आहे. हावभाव रक्तातून येत नाहीत. ते बघून शिकले जातात, आणि भोवताल बदलला की बदलतात.

शिक्षकांसाठी ही फार आशेची गोष्ट आहे.

शांतता : सगळ्यात जास्त चुकीची वाचली जाणारी गोष्ट

आता शेवटचा आणि माझ्या मते सगळ्यात नाजूक मुद्दा. मूल गप्प आहे. याचा अर्थ काय?

अमेरिकेत ऑरेगन राज्यात वॉर्म स्प्रिंग्ज नावाची आदिवासींसाठी राखीव वस्ती आहे. तिथल्या शाळेत आदिवासी मुलं वर्गात बोलत नाहीत, अशी तक्रार असे. सुझन फिलिप्स या अभ्यासिकेने १९६० च्या दशकाच्या शेवटापासून तिथे वर्गात बसून बारकाईने निरीक्षण केलं. त्यांना असं दिसलं की सगळ्या वर्गासमोर नाव घेऊन प्रश्न विचारला की ही मुलं गप्प होतात. पण छोट्या गटात काम दिलं की तीच मुलं मोकळेपणी बोलतात. शिक्षिका टेबलापाशी बसलेली असेल आणि हवं तेव्हा जाऊन विचारता येत असेल, तर आपण होऊन जातात आणि विचारतात. मग त्यांनी घरं पाहिली. घरी शिकण्याचा क्रम वेगळा होता. मोठ्यांचं काम बघायचं, मग थोडं हाताने करायचं, मग कुणी बघत नसताना सराव करायचा, आणि जमलं की दाखवायचं. चुकत चुकत चारचौघांत शिकायची रीतच नाही. शाळा मात्र म्हणत होती, उभा राहा आणि सगळ्यांसमोर चूक. १९८३ मध्ये त्यांचं पुस्तक आलं, त्याच्या नावाचा अर्थच ‘अदृश्य संस्कृती’ असा आहे.

दुसरं काम मेरी बड रो यांचं, १९७४ चं. त्यांनी शिक्षकांच्या शांततेची लांबी मोजली. प्रश्न विचारल्यानंतर उत्तरासाठी शिक्षक किती थांबतो? साधारण एक सेकंद! तेवढ्यात उत्तर नाही आलं की तो प्रश्न बदलतो, दुसऱ्याला विचारतो किंवा स्वतःच सांगून टाकतो. शिक्षकांनी तीन सेकंद किंवा जास्त थांबायचं ठरवलं, तेव्हा मुलांची उत्तरं लांब झाली आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागली. यातली बोचणारी गोष्ट पुढे आहे. शिक्षक ज्यांना हुशार समजतात त्यांच्यासाठी जास्त थांबतात आणि ज्यांना कच्चं समजतात त्यांच्यासाठी कमी. म्हणजे ज्याला वेळ जास्त लागणार त्यालाच तो कमी मिळतो. आणि हे कुणी ठरवून करत नाही. शरीरच करून टाकतं.

आता हे आपल्याकडे आणा. आपल्या कितीतरी वर्गांत घरी वेगळी भाषा बोलणारी मुलं आहेत. आश्रमशाळेत भिली, गोंडी, कोरकू बोलणारी मुलं येतात. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची मुलं वर्षाच्या मधेच शाळा बदलतात. शहरातल्या पालिकेच्या शाळेत हिंदी, कन्नड, तेलुगू घरं आहेत. इथे शब्द आधीच अपुरे पडतात, म्हणून शिक्षकाच्या चेहऱ्यावर आणि हातावर मूल जास्त अवलंबून असतं. नेमक्या त्याच वर्गात एक सेकंदाची घाई सगळ्यात महाग पडते.

मग उपाय? त्याचंही एक उदाहरण इतिहासात आहे. कॅनडात उत्तर ओंटारिओमध्ये ओडावा या आदिवासी समाजाच्या शाळेतल्या दोन वर्गांचा अभ्यास फ्रेडरिक एरिक्सन आणि जेराल्ड मोहॅट यांनी केला, तो १९८२ मध्ये छापून आला. एका वर्गात शिक्षिका ओडावा समाजाचीच होती. ती सावकाश फिरायची, मुलाच्या बाकापाशी वाकून हळू बोलायची, सगळ्यांसमोर एकट्या मुलावर झोत टाकायची नाही. दुसऱ्या वर्गात शिक्षक बाहेरचा होता. त्याची पद्धत मुख्य प्रवाहातली, समोरून नाव घेऊन विचारण्याची. पण वर्ष पुढे सरकलं तसा त्याचा वर्गही बदलत गेला. झोत टाकणं कमी झालं, बाकापाशी जाणं वाढलं. मुलांनी त्याला शिकवलं, असंच म्हणायला हवं.

मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते, कारण त्या शिक्षकाला ओडावा होण्याची गरज पडली नाही. त्याने फक्त स्वतःच्या शरीराकडे लक्ष दिलं आणि मुलं कधी मोकळी होतात ते पाहिलं. जगातल्या सगळ्या संस्कृतींच्या खुणांची यादी पाठ करून कुणी चांगला शिक्षक होत नाही. यादीने उलट नवे शिक्के तयार होतात, ‘यांच्यात डोळ्यांत बघत नाहीत’, ‘ते लोक गप्पच असतात’.

इथे बसलेल्यांत शिक्षक असतील तर उद्याच्या एखाद्या तासाला तीन गोष्टी करून बघा. प्रश्न विचारल्यावर मनात तीन आकडे मोजा. जे मूल कधीच हात वर करत नाही, त्याच्या बाकापाशी जा, पण त्याचं नाव मोठ्याने घेऊ नका. आणि एखाद्या मुलाने मान खाली घातली तर ‘माझ्याकडे बघ’ म्हणण्याआधी, त्याच्या घरी मोठ्यांसमोर कसं उभं राहतात ते एकदा आठवा किंवा विचारून घ्या. पालक असाल तर मुलाला एवढंच विचारा, ‘बाई रागावल्या हे तुला कशावरून कळतं?’ उत्तरात शब्द फार कमी असतील. भुवया असतील, खडू ठेवण्याचा आवाज असेल, फळ्याकडे फिरवलेली पाठ असेल.

इजिप्तच्या त्या बालमूर्तीला लोकांनी शेकडो वर्षं मौनाचा देव मानलं. मूर्ती होती, तिचं काही बिघडलं नाही. वर्गातल्या मुलाचं तसं नसतं. त्याच्याकडे शाळेची मोजकीच वर्षं असतात.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ. आणि आज मी तीन सेकंदांपेक्षा जरा जास्तच थांबणार आहे.